प्रलयानंतर कोण काय घडवतं?
जगबुडीनंतरच्या कादंबऱ्या म्हणजे परक्यांना वाटणारी भीती, आपला तिच्याशी काय संबंध, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. कॉर्मक मॅकार्थी यांच्या २००६ सालच्या ‘द रोड’मध्ये बाप-लेक राखेनं झाकलेल्या मुलखातून उरलंसुरलं डबाबंद अन्न शोधत चालतात, जवळजवळ कुणीच काही पिकवत नाही, घडवत नाही. एमिली सेंट जॉन मँडेल यांच्या २०१४ सालच्या ‘स्टेशन इलेव्हन’मध्ये मात्र फ्लूच्या साथीनं जग ओस पडल्यावरही एक नाटकमंडळी वस्त्यावस्त्यांतून शेक्सपिअर सादर करत फिरते. मला हीच कल्पना अधिक खरी वाटते, कारण एकानं दुसऱ्याला शिकवलेलं कसब यंत्रं बंद पडली तरी उरतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या खानदेशातल्या सोनगीरला हे वेगळं सांगायला नको: वीज गेली तरी हातोडा चालतो, पण हात शिकलेला नसेल तर पत्र्याचा हंडा होत नाही. नाटकानं पोट भरत नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, शेतकरी-कारागीर ‘स्टेशन इलेव्हन’मध्ये मागेच राहतात, ही तिची मोठी उणीव. खानदेशात अशी कादंबरी लिहिली गेली, तर तिचा नायक तांबट असावा.