मग जळाले ते कोण?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



'शाळेने मला काय दिलं' यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. शाळेत मला एक प्रश्न मिळाला. तोही माझा नव्हे.

आठवीत एका ऑफ तासाला बाईंनी लाक्षागृहाची गोष्ट सांगितली. वारणावतातलं लाखेचं घर, विदुराने पाठवलेला खणक, भुयार, रात्री लावलेली आग. राखेत सहा प्रेतं सापडली आणि कुंतीसह पांडव गेले असं लोकांना वाटलं. आम्ही खूश. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आपल्यातली एकजण म्हणाली, "बाई, मग जळाले ते कोण?" वर्ग हसला. मीही हसले. "होती कोणी निषाद बाई आणि तिची मुलं. बस खाली."

चाळिशीनंतर मी आदिपर्वाचं भाषांतर वाचलं. वाटलं होतं, बिचारी चुकून सापडली असेल. तसं नाही. शस्त्रागार पेटवू, पुरोचनाला जाळू, सहा जणांना इथे ठेवून निसटू, हे युधिष्ठिर आधीच भावांना सांगतो. मग कुंती जेवण घालते. अन्नाच्या आशेने ती बाई पाच मुलांसह येते. सगळे पिऊन तिथेच निजतात. आग भीम लावतो. आमच्या भाषेत सांगायचं तर, रेकॉर्ड जुळावं म्हणून सहा डमी एन्ट्र्या.

पांडवांची बाजू मला कळते. दुर्योधन त्यांना जिवंत जाळणारच होता आणि प्रेतं मिळाली नसती तर त्याचे हेर मागावर आले असते. पळाले, बरोबर केलं. पुरोचनाचंही मी सोडून देईन. पण जेवायला आलेली माणसं? द्रोणवधाच्या वेळी अर्धसत्य बोलल्यावर धर्मराजाचा रथ चार बोटं खाली आला म्हणतात. या सहा जणांसाठी तो तसूभरही खाली आला नव्हता.

व्यासांनी मात्र लपवलेलं नाही. राख उपसताना लोकांना ती दिसते, तिथे ते तिला निरपराध म्हणतात. तिचं नाव तेवढं देत नाहीत. धृतराष्ट्राने उत्तरक्रिया करवली, तीही पांडवांच्या आणि कुंतीच्या नावाने.

प्रश्न विचारणारी ती मैत्रीण नववीत नापास झाली आणि तिने शाळा सोडली. तेव्हा म्हणे कच्च्या मुलांना नववीतच थांबवत, म्हणजे दहावीचा निकाल चांगला लागायचा. त्या निकालाच्या फलकावर माझं नाव होतं, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

आपल्या ग्रुपवर ती नाही. आजच्या यादीतही नाही. मी तीन-चार जणींना विचारलं, एकीला तर तिचं आडनावही आठवेना. कुणाकडे तिचा नंबर असेल तर चहाच्या वेळी मला द्या. मी तिकडे खिडकीपाशी बसले आहे.