हिरवा चहा डोक्याला चालेल, ताटाशेजारी नको

 

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. गेल्या काही महिन्यांत फोनवर आणि चिठ्ठ्यांमधून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ग्रीन टीनं केस वाढतात का? चेहरा उजळतो का? मोबाइलवर कुणीतरी दाखवतं, आपण बघतो, आणि दीडशे-दोनशे रुपयांचं पाकीट घरात येतं. आमच्याही घरात आलं. आम्ही काही डॉक्टर नाही, बचत गटाच्या बायका आहोत. पण वापरून पाहिलं, एकदा चांगलाच फटका बसला, मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना आणि नर्सताईंना खोदून खोदून विचारलं. ते सगळं आज सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. आपल्या परसात न्हाणीच्या पाण्यावर जो गवती चहा वाढतो, तो हिरवा असला तरी ग्रीन टी नव्हे. ते गवत आहे, त्याला वास छान, सर्दीत बरं वाटतं, पण झाड वेगळं. ग्रीन टी आणि आपली रोजची चहा पावडर मात्र एकाच झाडाची. पानं तोडल्यावर ती चुरगळून हवेत ठेवली की काळपट होतात, जसं चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं. तो झाला आपला नेहमीचा चहा. पानं तोडल्या तोडल्या वाफेवर किंवा तापल्या कढईत गरम केली की काळं पडणं थांबतं आणि पान हिरवंच वाळतं. तो हिरवा चहा. काश्मीरकडच्या लोकांना याचं काही नवल नाही, त्यांचा काहवा याच चहाचा असतो.

आता करायचं कसं. एक पेला पाणी उकळा, खाली उतरवा, दोन मिनिटं थांबा. मग चहाचे दोन चमचे पान किंवा दोन पुड्या टाकून पाच-सात मिनिटं झाकून ठेवा. फडक्यानं गाळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. साखर नाही, दूध नाही. आणि त्याच दिवशी संपवा. आमच्यातल्या एकीनं बाटलीत भरून चार दिवस फळीवर ठेवलं, त्यावर बुरशीची साय आली. औषध म्हणून तीच तोंडाला लावायला निघाली होती, सासूबाईंनी हात धरला म्हणून बरं. पिऊन झालेल्या पुड्याही चालतात, दुसऱ्यांदा पाणी घालून भिजवा. पैसे कशाला वाया घालवायचे?

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघा. खाज आली, लाल झालं, तर आपल्याला ते मानवत नाही, विषय संपला.

चेहऱ्याला याचा उपयोग किती? कांदा काढून आल्यावर उन्हानं चेहरा तापलेला असतो, तेव्हा या थंड पाण्यात मऊ सुती फडकं भिजवून दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. बरं वाटतं. खरं सांगायचं तर त्यात थंडाव्याचा वाटा मोठा, चहाचा थोडा. डोळ्यांखालची सूज थंड पुडी ठेवल्यानं उतरते, तेही तसंच. तेलकट चेहऱ्यावरच्या मुरमांचं म्हणाल, तर चहाचा अर्क घातलेलं लोशन लावून काही छोटे अभ्यास झाले आहेत आणि त्यांत मुरूम कमी झालेले दिसले. पण ते मोजून केलेलं लोशन होतं, आपलं घरचं पाणी तेवढं जोरकस नसतं. लेकींना लावू द्या, अपाय नाही, फक्त आठ दिवसांत चमत्कार मागू नका.

वांग जात नाही. गालावरचे ते काळे डाग चहानं धुऊन निघाले असते तर आमच्या गटात एकीलाही राहिले नसते. रंगही गोरा होत नाही, आणि तो करायची गरज काय हा आमचा वेगळा प्रश्न आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू. उन्हापासून वाचवायला डोक्यावरचा पदर, स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट जे करतो ते चहा करत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. मोबाइलवर चहात लिंबू पिळून चेहऱ्याला लावायला सांगतात. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागं काळे डाग राहतात. आपल्याला तर दिवसभर उन्हातच काम. लिंबू जेवणात घ्या. ते का, हे पुढं येतंच आहे.

केसांकडे येऊ. नेहमीसारखं शिकेकाईनं नाहीतर शाम्पूनं डोकं धुवा. मग हे थंड पाणी केसांच्या मुळांवर हळूहळू ओता, बोटांनी चोळा, पाच-दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं धुऊन टाका. तेलकट डोकं हलकं वाटतं, खाज थोडी कमी होते. आठवड्यातून एकदा पुरे. केस मुळात कोरडे असतील तर जास्त करू नका, चहाचा तुरटपणा त्यांना आणखी राठ करतो. पांढरा टॉवेल घेऊ नका, डाग पडतो. केस वाढतात का? प्रयोगशाळेत केसांच्या मुळांवर चहातलं द्रव्य टाकून बघितलंय, तिथं वाढ दिसली. पण काचेच्या बशीतलं मूळ आणि आपलं डोकं यांत फार अंतर आहे.

इथवर सगळं ठीक होतं. फटका बसला तो पुढं.

आमच्या गटात एक सूनबाई आहे, वय तिशीच्या आत, दोन मुलं. गळालेले केस ती एका पिशवीत घालून देवळीत ठेवायची. गावात केसांवर भांडी देणारी बाई येते ना, तिच्यासाठी. पूर्वी ती पिशवी भरायला वर्ष लागायचं. त्या वर्षी तीन महिन्यांत भरली. भांडीवाली खूश झाली, हिला एक स्टीलचा डबा जास्त मिळाला, आणि आम्हीही हसलो. तेव्हा हसलो याची आज लाज वाटते. भांगातली कातडी दिसायला लागली होती, नवरा काहीतरी बोलला होता, लग्नाकार्यात ती डोक्यावरून पदर काढत नव्हती.

तिनं ग्रीन टी आणला. डोक्यालाही लावला आणि पोटातही घ्यायला लागली. सकाळी भाकरीबरोबर एक कप, दुपारी जेवण झाल्या झाल्या एक, रात्री जेवणानंतर एक. अंग बारीक होईल, केस येतील, चेहरा उजळेल. तीन कामं एका कपात! आम्हीच तिला म्हणालो होतो, नियमानं घे म्हणून. दोन महिन्यांनी ती विहिरीवरून हंडा आणताना चढावर खाली बसली. धाप लागली होती, नखं पांढरी पडली होती. उपकेंद्रात बोटातलं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.५ भरलं. बाईमाणसाचं १२ तरी हवं, गरोदर असेल तर किमान ११.

नर्सताईंनी पहिला प्रश्न विचारला, जेवताना काय पितेस?

आता घरातली गोष्ट आठवा. मेंदी भिजवताना आपण काय करतो? लोखंडी कढई घेतो आणि त्यात चहाचं पाणी घालतो. रात्रभरात ते शाईसारखं काळं होतं. आजीनं सांगितलं म्हणून करतो, का होतं ते कधी विचारलं नाही. चहातली तुरट द्रव्यं लोखंडाला घट्ट धरतात, म्हणून तो काळा रंग येतो. मेंदीला ते चांगलंच. पण भाकरीत, डाळीत, मेथीच्या भाजीत जे लोह असतं, त्यालाही चहा पोटात असाच धरून ठेवतो. मग ते लोह रक्तात जात नाही, तसंच बाहेर पडतं. हिरवा चहा असो, काळा असो, दुधाचा असो, तिन्ही हेच करतात, कमीजास्त इतकंच.

म्हणजे बघा, तिचे केस गळत होते ते रक्त कमी होतं म्हणून. आणि त्यावर उपाय म्हणून ती जे पीत होती, ते ताटातलं उरलंसुरलं लोहही अडवत होतं. रक्त कमी होण्याचं मूळ चहात नव्हतं, हेही सांगायला हवं. तिला पाळीत फार जायचं, आणि घरात ती सगळ्यांच्या नंतर उरलेलं जेवायची. चहानं त्यात भर घातली. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणजे हे रेडिओ ऐकणाऱ्या दोघींमागे एकीचं हेच दुखणं असू शकतं.

मग चहा सोडायचा का? आम्ही तरी सोडलेला नाही. वेळ बदलली. जेवणाआधी एक तास आणि जेवल्यावर कमीत कमी एक तास चहा नाही, जमलं तर दोन तास. सकाळी चहात चपाती बुडवून खायची आपली सवय मोडायला सगळ्यात अवघड गेलं, अजूनही दोघीजणी चोरून खातात. निदान त्यावरच दिवस काढू नका, दुपारच्या भाकरीवर डाळ, पालेभाजी आणि लिंबाची फोड घ्या. लिंबू, पेरू यांनी लोह अंगी लागायला मदत होते. आणि ती मेंदीची कढई घासून पुसून भाजीला वापरा. लोखंडी कढईतल्या भाजीत थोडं लोह उतरतं.

लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. गोळीनं शौचाला काळी होते, घाबरून बंद करू नका. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या. शाळेतल्या मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते ती त्या खरंच गिळतात का दप्तरात टाकतात, हेही एकदा बघा.

केस सगळ्यांचेच रोज ५० ते १०० गळतात, त्याची काळजी नको. बाळंतपणानंतर किंवा डेंग्यू, टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी ओंजळीनं गळतात, तेही बहुधा पुढच्या काही महिन्यांत आपोआप थांबतं. पण बरोबर थकवा असेल, धाप लागत असेल, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील, पाळीत जास्त जात असेल, तर पाकीट आणायच्या आधी आशाताईंना गाठा आणि रक्त तपासा. कधी थायरॉइडही निघतो.

बाजारातल्या बाटल्यांबद्दल थोडं. ‘ग्रीन टी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, मागं बारीक अक्षरांत घटक असतात. जे जास्त ते आधी लिहितात, मुलीला वाचायला सांगा, चहा किती खाली आहे ते कळेल. बिनलेबलची डबीतली क्रीम कुणी दिली तर घेऊच नका. चहाच्या अर्काच्या बारीक होण्याच्या कॅप्सूलही नकोत, त्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. आमच्या गटात ग्रीन टीचा साबण करून विकायचं ठरत होतं. विकायला सौंदर्यप्रसाधन करायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, हे कळल्यावर आम्ही पापडांवर परत आलो.

शेवटी तुमच्या दोन चिठ्ठ्या. एकीनं विचारलंय, उवा मरतात का? नाही. फणी आणि औषधच. दुसरीनं विचारलंय, गरोदर लेकीला केसांना लावलं तर चालेल का? लावायला चालेल, प्यायचं मात्र डॉक्टरांना विचारून, आणि गोळीच्या वेळी तर नाहीच.

आमच्या सूनबाईचं हिमोग्लोबिन चार महिन्यांनी ११ च्या वर गेलं. पाळीचं औषध चालू आहे. भांगाच्या कडेनं बारीक बारीक केस उभे राहिलेत, तेल लावलं तरी बसत नाहीत म्हणून ती वैतागते. रविवारी डोक्यावर चहाचं पाणी ती अजून ओतते, म्हणते गार वाटतं. देवळीतली पिशवी अर्धीसुद्धा भरलेली नाही आणि भांडीवाली परवा तिच्या दारावरून रिकामीच गेली.

पुढच्या गुरुवारी याच वेळी भेटू. नमस्कार.