चौथा, पाचवा आणि सहावा

परवा, शुक्रवारी ५ सप्टेंबरला, साओ पावलोत चार्जर्सविरुद्ध अमेरिकन फुटबॉलमधल्या आपल्या कॅन्सस सिटी चीफ्सचा २०२५चा मोसम सुरू होतोय. या आठवड्यात भेटेल तो एकच विचारतो, आपला रिसीव्हर रशी राइस याच्यावर सहा सामन्यांची बंदी, आता कसं व्हायचं?

मी उलट विचारते, तुमचा चौथा रिसीव्हर कोण? पाचवा? की सगळे गप्प. फँटसी लीगपायी रात्ररात्र जागणाऱ्या आपल्या मुलांना पहिल्या तिघांचे यार्ड तोंडपाठ असतात. पुढची नावं विचारा, फोन उघडतात. अरे, मोसम सतरा सामन्यांचा आहे!

आमच्याकडे कोकणात आगोटीच्या आधी बेगमी करतात. वैशाखात अंगणात पापड-कुरडया, सांडगी मिरच्या, कुंपणावर बोंबील. त्या दिवसांत बाजारात पापलेट ढिगानं असतं, पण घरची बाई पापलेटाकडे बघून निर्धास्त होत नाही. आषाढात होड्या किनाऱ्याला लागल्या की फडताळात काय उरतं, हा तिचा हिशेब. ऑगस्टअखेरीला संघ नव्वद माणसांतून त्रेपन्न ठेवतात, ती हीच बेगमी. राइस आणि झेव्हियर वर्दी हे आघाडीचे रिसीव्हर म्हणजे पापलेट झाले. मिळाले तर उत्तमच.

गेल्या वर्षीचं आठवा. पाऊस आगोटीआधीच आला! मोसमपूर्व पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक महोम्सच्या पहिल्याच पासवर मार्कीस ब्राउनचा खांदा गेला, तो थेट डिसेंबरात परतला. चौथ्या सामन्यात राइसच्या गुडघ्यावर आपलाच महोम्स आदळला आणि राइसचा मोसम संपला. ऑगस्टअखेरीस परत आणलेला जूजू स्मिथ-शूस्टर थोडे दिवस पुरला, मग त्याचीही मांडी दुखावली. शेवटी ऑक्टोबरात ड्राफ्टमधली निवड मोजून डिआंद्रे हॉपकिन्सला आणावं लागलं. म्हणजे भर पावसात छत्री घेऊन बाजार गाठला. बाजारात माल होता म्हणून निभावलं, दर वर्षी असेलच असं नाही.

आणि २०२४च्या फेब्रुवारीतला सुपर बोल? जादा वेळेत फोर्टीनाइनर्सवर २५-२२, शेवटचा टचडाउन मेकोल हार्डमनचा. मोसमाच्या सुरुवातीला हा जेट्सकडे होता आणि ऑक्टोबरात परत आला. पहिल्या तिघांत कुणी त्याला धरलं होतं? मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

तेव्हा पुन्हा सांगते, चौथा, पाचवा, सहावा. शिवाय त्यांची निवड केवळ झेलावर करून भागत नाही. सुकट कशी, चटणीला चालते, कालवणाला चालते, वांग्यातही जाते, म्हणून फडताळात तिला जागा. सहाव्या रिसीव्हरनं किकऑफ घेऊन धावावं, पंटमागे पळावं, धावेच्या खेळीत कॉर्नरबॅकला अडवून धरावं. निको रेमिजिओ बघा. ड्राफ्टमध्ये याला कुणी घेतलं नव्हतं. गेल्या जानेवारीत टेक्सन्सविरुद्ध पहिलाच किकऑफ त्रेसष्ट यार्ड परत आणला त्यानं. यंदा तर टचबॅकला चेंडू पस्तीस यार्डांवर मिळणार, म्हणजे किक मारणारे तो टाळणार आणि परतीच्या धावा वाढणार. त्यामुळे रेमिजिओचं मोल मला वर्षभरापूर्वीपेक्षा जास्त वाटतं.

टायक्वान थॉर्न्टनची मात्र मला धास्ती आहे, आणि आशाही. चाळीस यार्ड ४.२८ सेकंदांत धावलेला मुलगा. पेट्रियट्सनी दुसऱ्या फेरीत घेतला आणि तीन मोसमांत सोडून दिला. आपल्या सराव पथकात आला, आता त्रेपन्नांत आहे. वेग आहे, पण हात? जेलन रॉयल्स तर नवाच, चौथ्या फेरीतला. प्रशिक्षक अँडी रीड नवख्या रिसीव्हरला सावकाश उतरवतात, त्यामुळे सप्टेंबरात त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. राइस येईपर्यंतचे सहा सामने वर्दीच्या जोडीला ब्राउन, जूजू आणि या थॉर्न्टननं ओढायचे आहेत. मला जूजूचा भरवसा अधिक. धावणं मंदावलंय, पण तिसऱ्या डाउनला मोकळी जागा नेमकी हेरतो.

स्टुडिओच्या काचेच्या खोलीतून खूण झाली, दोन मिनिटं उरली. एक सांगायलाच हवं. बेगमी फक्त रिसीव्हरांची नसते. गेल्या फेब्रुवारीत ईगल्सनी ४०-२२नं धुतलं, तेव्हा महोम्स सहा वेळा पाडला गेला. डाव्या टॅकलला भरवशाचा माणूस नव्हता म्हणून जो थूनी या पट्टीच्या गार्डला तिथे उभा केला होता. फडताळ रिकामं, दुसरं काय! आता थूनीही शिकागोला गेला आणि डाव्या टॅकलची जागा पहिल्या फेरीतल्या जॉश सिमन्सकडे आली. त्याच्यामागे कोण, हे कुणी विचारत नाही. पास टाकायला वेळच मिळाला नाही तर पापलेट काय नि बोंबील काय...

टाइट एंडचं बोलायचं राहिलंच. केल्सी पुढच्या महिन्यात छत्तीसचा होतोय, नोआ ग्रे त्याच्या जागी किती... असो, तो विषय पुढल्या खेपेला. शुक्रवारी पहिल्या किकऑफला कोण कोण धावतंय, ते तेवढं नीट बघून ठेवा.