जुनी पुंटो घेताना

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण. ‘बोललीस तसंच लिहून दे’ असं स्मरणिका समितीने सांगितल्यामुळे फारसं बदललेलं नाही.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मनोगत’ असं छापलंय, पण मला मनोगतासाठी बोलावलेलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एकाने जुन्या फियाट पुंटोचा फोटो टाकला. लेकीला हिंजवडीत नोकरी लागली, रोज पौडवरून जायचंय, २०११ ची डिझेल गाडी दोन लाखांच्या आत मिळतेय, घेऊ का? त्यावर दिवसभर मेसेज चालले होते. निम्मे म्हणाले ‘डोळे झाकून घे, इंजिन दगड आहे’. निम्मे म्हणाले ‘कंपनी गेली, हात लावू नको’. मी आठ वर्षं पुंटो चालवते, म्हणून मला इथे उभं केलंय. पिरंगुटला गॅरेज असलेला आपला वर्गमित्र पहिल्या रांगेत बसलेला असताना कोडिंग करणाऱ्या बाईने गाडीवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. चुकले तर त्याने थांबवावं. शाळेत त्याने कधी थांबवलं नाही, कारण गृहपाठ माझाच उतरवायचा.

आधी ही गाडी कुठली ते सांगते. नाव इटालियन असलं तरी ती आपल्याच जिल्ह्यात बनली, रांजणगावला, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात. २००९ मध्ये ती ग्रँड पुंटो म्हणून आली, २०१४ मध्ये पुंटो इव्हो झाली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत फियाटने इथल्या गाड्या विकणं बंद केलं. कारखाना चालू आहे, त्याच कारखान्यातून आज जीप बाहेर पडते. त्याआधीची पॅलिओ आठवत असेल, सचिन जाहिरातीत होता ती. आणि त्याच्याही आधीची पद्मिनी, कुर्ल्याला बनलेली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. म्हणजे फियाट बंद होणं आपल्याला नवं नाही. गाडी मागे राहते, आणि तिचं काय करायचं ते आपलं आपण बघायचं.

‘इंजिन दगड आहे’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पुंटोचं १.३ मल्टिजेट डिझेल हेच इंजिन मारुतीने स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावाने आणि टाटांनी व्हिस्टात क्वाड्राजेट नावाने घातलं. त्यामुळे इंजिनाचे भाग आजही मिळतात आणि ते उघडलेले मिस्त्री गावोगावी आहेत. पण सगळे जण जुनी गाडी बघायला गेले की बॉनेट उघडून इंजिनच बघत बसतात. कंपनी गेलेल्या गाडीत मला हे उलटं वाटतं. इंजिन मिळतं, हेडलाइट मिळत नाही. बंपर, टेललाइट, आरसा, दाराचं कुलूप, मागची काच, डॅशबोर्डचे प्लॅस्टिकचे भाग, हे ना स्विफ्टचे बसत ना व्हिस्टाचे. माझ्या गाडीचा एक आरसा भूगावच्या ट्रॅफिकमध्ये दुचाकीवाल्याने उडवला, तर नाना पेठेत दोन शनिवार घालवले आणि शेवटी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणला. फियाटचा आरसा शेवटी कुर्ल्यालाच मिळाला, याची मला अजून गंमत वाटते. म्हणून पहिली दहा मिनिटं गाडीच्या बाहेरून फिरा. काचेवरचा तडा, दिव्याचा फुटलेला कान, न उघडणारं दार, यांना ‘किरकोळ’ म्हणू नका. स्विफ्टमध्ये ते किरकोळ असतं. दोन्ही किल्ल्या मागा आणि किल्लीबरोबर दिलेलं कोड कार्डही मागा. किल्लीत चिप असते, हरवली तर दुसरी बनवायला त्या कार्डावरचा नंबर कामी येतो.

आता माझी चूक सांगते. घरात अजून कुणी तिच्यावर हसत नाही, म्हणजे किती मोठी असेल बघा.

२०१७ मध्ये मी पहिली पुंटो घेतली. २०१० ची, १.२ पेट्रोल, लाल. मीटरवर बेचाळीस हजार. एका हातची, आतून स्वच्छ. विकणारे गृहस्थ सज्जन होते, चहा दिला, मी चक्कर मारली, स्टीअरिंगच्या प्रेमात पडले आणि टोकन दिलं. ऑफिसात एखादा प्रोग्राम का बंद पडला हे बघायला मी आधी लॉग मागते, त्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. गाडीचा लॉग म्हणजे सर्व्हिसची बिलं, ती मात्र मागितली नाहीत. बेचाळीस हजार म्हणजे गाडी चाललीच कुठे, असं वाटलं.

पुढच्या जुलैत वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला पुण्याला घेऊन निघाले होते. मालेच्या अलीकडे, मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, वायपर पूर्ण वेगात, आणि इंजिन एकदम गप्प झालं. धक्का नाही, आवाज नाही. पण इंजिन बंद पडलं की पुंटोचं हायड्रॉलिक स्टीअरिंग जातं जड, आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही लाकडासारखा होतो. मागे डंपर होता. गाडी कशीबशी कडेला घेतली. वडिलांच्या डोळ्यावर पट्टी, त्यांना फक्त हॉर्न ऐकू येत होता. मोबाइलला रेंज नाही. शेवटी ताम्हिणीकडून आलेली एसटी थांबली, कंडक्टरने वडिलांना हाताला धरून वर घेतलं आणि मी पावसात गाडीजवळ उभी राहिले.

टायमिंग बेल्ट तुटला होता. पुंटोच्या पेट्रोल इंजिनात हा रबरी पट्टा असतो. डिझेलमध्ये त्या जागी साखळी असते. पट्टा किलोमीटरवर झिजतो तसा वर्षांवरही वाळतो, आणि बदलायची मुदत दोन्हींत मोजतात, जी आधी येईल ती. बेचाळीस हजारच चालली म्हणून कुणी तो आठ वर्षांत बदललाच नव्हता. कमी चाललेली गाडी म्हणून मी जास्त पैसे दिले होते, आणि कमी चालल्यामुळेच ती तिथे बंद पडली. व्हॉल्व्ह वाकले नव्हते, एवढंच नशीब.

बेल्ट बाहेरून दिसत नाही, आवाजावरून कळत नाही. तेव्हा पेट्रोल पुंटो घेताना बेल्ट बदलल्याचं बिल दाखवा म्हणावं. तोंडी ‘बदललाय हो’ चालणार नाही. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरायचं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप यांचा खर्च किमतीतून वजा करायचा, आणि गाडी घरी आणायच्या आधी गॅरेजला न्यायची. पेट्रोलवाल्यांनी आणखी एक करा. या गाड्या ई-२० पेट्रोल डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या नाहीत, तेव्हा बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतोय का आणि रबरी नळ्यांना चिरा आहेत का, बघा. आणि १.२ चं इंजिन ६८ पीएसचं, गाडी हजार किलोच्या वर. चौघं बसून एसी लावून ताम्हिणी चढलात की समजेल. घाट रोजचा असेल तर १.४ पेट्रोल किंवा डिझेल बघा.

डिझेलचं म्हणाल तर गाडी बघायला सकाळी जा, आणि आदल्या रात्री मालकाला सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर का, ते विचारा. गार इंजिन चालू झाल्यावर पहिले काही सेकंद कान द्या. साखळी सैल असेल तर खडखडते, मग तेल चढलं की गप्प होते. ती खडखड लपवायलाच पुष्कळदा गाडी आधी गरम करून ठेवतात. साखळी आयुष्यभर टिकते म्हणतात, ते वेळेवर तेल बदलणाऱ्यांसाठी. या इंजिनात तेल तसं थोडं मावतं, तीन लिटरच्या थोडं वर. त्यामुळे उशीर केला की ते लवकर खराब होतं. डिपस्टिक काढून बघा. चालू इंजिनात तेलाचं झाकण सैल करून बघा, धुराचे भपकारे येत असतील तर नमस्कार करून घरी या. गाडी जोरात नेल्यावर काळा धूर थोडा चालेल, निळा चालणार नाही.

चक्कर हायवेला मारू नका. पौडपासून पिरंगुटपर्यंतचे स्पीडब्रेकर या कामासाठीच केलेत असं समजा. खिडक्या खाली, गाणी बंद, हळू जा. पुढून ‘टक टक’ आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. हे होतंच, जड डिझेल इंजिन पुढे बसलंय, आणि ते दुरुस्त होतं. पण स्टीअरिंग पूर्ण वळवून ठेवल्यावर कण्हल्यासारखा आवाज आला, किंवा रॅकखाली तेलाचा ओलावा दिसला, तर किंमत पुन्हा बोलायला बसा. क्लच या गाडीचा मुळातच जड आहे, तेव्हा जडपणावरून घाबरू नका. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी तेवढी पळाली नाही, तर प्लेट संपली.

मग पाण्याची गाडी. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, आपण सगळ्यांनी पाहिलं. अशा गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी विकायला उभ्या राहतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत चिखलाची रेघ असते, ती कुणी धूत नाही. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज बघा, स्टेपनी उचलून खाली हात घाला. गाडीत अत्तर जास्त मारलं असेल तर मी कार्पेट उचलूनच बघते.

माझ्या धंद्यातलं सांगायचं तर, ब्लूटूथचं ओबीडी यंत्र बरोबर न्या, सहज मिळतं. फियाटसाठी मल्टीईसीयूस्कॅन नावाचा प्रोग्राम आहे, तो साध्या ॲपपेक्षा खोल वाचतो. पण एरर दिसत नाहीत म्हणून हुरळू नका, त्या आदल्या दिवशी पुसता येतात. गाडी अर्धा तास चालवून पुन्हा वाचा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर बल्ब काढला असेल, विझत नसेल तर सीटखालचं कनेक्शन सैल असू शकतं. आणि मुळात त्या मॉडेलमध्ये एअरबॅग आहेत का ते विचारा. ‘पुंटोला पाच स्टार आहेत’ हे सांगणारे पुष्कळ भेटतील. ते स्टार युरोपातल्या गाडीला मिळाले होते. इथल्या स्वस्त मॉडेलमध्ये एअरबॅगच नव्हत्या.

कागदपत्रं थोडक्यात. आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा. बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५. बदलीसाठी २९ आणि ३०. थकलेली चलनं ऑनलाइन बघा. नंतर बसवलेलं सीएनजी किट आरसीवर चढलेलं आहे का, बघा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आणि इथे बसलेल्यांपैकी जे गाडी विकणार आहेत त्यांच्यासाठी: पैसे मिळाले म्हणून सुटलो असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. गाडी चार हात फिरली असली तरी.

आता ग्रुपवरच्या त्या गाडीबद्दल. ती २०११ ची आहे, म्हणजे नवीन वर्षात पंधरा वर्षांची होईल. पुन्हा नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर, हे सगळं नव्या मालकाच्या गळ्यात. स्वस्त का मिळतेय ते यात आलं. फोटोत उजवा हेडलाइट पिवळा आणि डावा नवा दिसतो, म्हणजे डाव्या बाजूने कुठेतरी आपटली आहे. आणि ते सर्वांत खालचं मॉडेल आहे. घोटवडे-माण रस्त्याने मुलगी रात्री एकटी येणार, घरात दुसरी चारचाकी नाही, गाडी दोन आठवडे आरशासाठी थांबली तर तिने कामाला जायचं कसं? मी स्वतः आज २०१५ ची डिझेल इव्हो चालवते, आनंदाने चालवते, आणि तरी सांगते, ही गाडी तू घेऊ नको. पुंटोच हवी असेल तर २०१४ नंतरची, एअरबॅगवाली, बिलांच्या फाइलसकट बघ, आणि टोकन द्यायच्या आधी पिरंगुटला या पहिल्या रांगेतल्याच्या लिफ्टवर चढव. तो पैसे घेणार नाही. घेतले तर गृहपाठाचा हिशेब मी काढीन.

माझी गाडी बाहेर पिंपळाखाली उभी आहे. जेवणानंतर बॉनेट उघडते. सकाळी आठपासून बंद आहे, तेव्हा गार इंजिनाचा आवाज ज्यांना ऐकायचाय त्यांनी पहिल्या चालूलाच या.