उंचीचा रकाना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



गेल्या महिन्यात लिफ्टमध्ये तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "साहेब, या वयात हिमालयात ट्रेकिंग जमतं का हो?" चौथा मजला येईपर्यंत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सेक्रेटरींनी आज मला वीस मिनिटं दिली आहेत. मी काही गिर्यारोहक नाही. सारी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. तेव्हा हे एका हिशेबी माणसाचं बोलणं समजा.

सात वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आपल्या सोसायटीतले आम्ही सहा जण लडाखला गेलो होतो. लेहच्या पश्चिमेला, सिंधू नदीच्या बाजूला शाम नावाचा भाग आहे. तिथे लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन आणि तेमिसगाम अशी गावं जोडत जाणारा तीन दिवसांचा पायी रस्ता आहे. तंबू लागत नाहीत, रात्री गावातल्या घरांतच मुक्काम करायचा. या वाटेला 'बेबी ट्रेक' म्हणतात. नाव ऐकून आमची नातवंडं हसली. पण हे बाळ साडेतीन हजार मीटरवर राहतं! आपला सिंहगड साधारण तेराशे मीटर. म्हणजे फरक लक्षात घ्या.

सुरुवातीला आम्ही एका ट्रॅव्हल एजंटकडून कार्यक्रम मागवला. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी मोटारीने पाच हजार मीटरच्या वरची खिंड, तिसऱ्या दिवशी आणखी पुढे. खर्च अगदी पैशापर्यंत मांडलेला होता, पण कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचं, ते कुठेच नव्हतं. लेह 3,500 मीटरवर आहे. विमानाने तिथे थेट उतरलं तर निदान दोन दिवस स्वस्थ बसायला हवं. मी त्या कागदावर खर्चाच्या रकान्याशेजारी उंचीचा रकाना आखला आणि कार्यक्रम परत केला.

मग आमचा आम्हीच बेत केला. विमानाने श्रीनगर, उंची सुमारे 1,600 मीटर. तिथून मोटारीने कारगिल, सुमारे 2,700. पुढे फोटू ला ही 4,100 मीटरची खिंड ओलांडायची, लामायुरूचा मठ बघायचा, पण तिथे न झोपता खाली अलचीला यायचं, सुमारे 3,100. मग लिकीरला दोन रात्री. दिवसा चढावं, रात्री झोपायला खाली यावं, असा हा नियम आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये.

शिवाय बारा दिवसांत दोन दिवस कोरे ठेवले. बी विंगमधले आमचे इंजिनिअर मित्र म्हणाले, "दोन दिवस फुकट कशाला घालवायचे? तेवढ्यात पँगाँग होईल." मी म्हणालो, कर्ज बुडेल असं वाटून कोणी देत नाही, तरी तरतूद करतोच ना? तशी ही तरतूद.

आता जे सांगायचं आहे ते थोडं माझ्याविरुद्ध आहे.

लिकीर छान झालं. मठाबाहेर सोनेरी मैत्रेयाची सुमारे 75 फूट उंच मूर्ती आहे. घराच्या स्वयंपाकघरात भिंतभर तांब्या-पितळेची भांडी मांडलेली, आमच्या आजोळची आठवण यावी अशी. भाजलेल्या सातूच्या पिठाला तिथे ङाम्फे म्हणतात. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब भिंती लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे आपली प्रदक्षिणाच. आणि भेटेल त्याला 'जुले' म्हणायचं. नमस्कार, आभार, निरोप, सगळ्याला तो एकच शब्द.

दुसऱ्या दिवशी दोन लहान खिंडी ओलांडून यांगथांगला पोहोचलो. रात्री सौ. जेवली नाही. "दमले आहे," म्हणाली. पहाटे मला जाग आली तेव्हा ती डोकं धरून बसलेली. विचारल्यावर कळलं की आदल्या दुपारपासून डोकं ठणकत होतं आणि दोनदा उलटीसारखं झालं होतं. मी म्हणालो, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "अहो, तुम्ही सहा महिने तो तक्ता करत होतात. माझ्यामुळे मोडायला नको म्हणून."

मंडळी, उंचीचा रकाना मी आखला होता, पण तक्ता मोडायची मुभा आहे हे घरच्या माणसाला सांगायचं राहून गेलं होतं. आणखी एक कबुली देतो. तिचं ऐकल्यावरही माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते, "सकाळी बरं वाटेल, बघू." शेवटचे दोन टप्पे माझ्या डोळ्यांसमोर होते. आमच्या बरोबरच्या वहिनी नर्स होत्या. त्यांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "भावजी, डोकं दुखत असताना वर चढायचं नाही. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर जिवाशी गाठ. आत्ता उतरा."

घरमालकाने ओळखीची जीप बोलावली. चौघं पुढे गेले, आम्ही दोघं अलचीला उतरलो. संध्याकाळपर्यंत तिचं डोकं उतरलं आणि तिने दोन वाट्या थुक्पा मागून घेतला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

कोरे ठेवलेले दोन दिवस असे कामी आले. येताना अलचीचं मंदिर आम्ही पाऊण तासात उरकलं होतं. आता तिथे दोन सकाळी बसलो. तीन मजली लहानसं देऊळ, आत अंधार, फोटो काढायला बंदी. तीन उंच बोधिसत्त्व उभे आहेत, त्यांची डोकी वरच्या मजल्यात जातात. टॉर्च लावून सौ.ने त्यांच्या धोतरांवरची चित्रं बघितली. एकावर देवळं आणि राजवाडे, एकावर बुद्धाचं चरित्र, एकावर सिद्धपुरुष. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे रंग, काश्मिरी वळणाचे. बाहेर छपरांवर जर्दाळू वाळत होते आणि शेतांत सातूची कापणी चालली होती. कापणी करणाऱ्या बायकांनी सौ.ला बांधावर बसवून चहा दिला. भाषा कळत नव्हती, तरी तासभर गप्पा झाल्या!

चौघं तेमिसगामहून परत आल्यावर आम्ही एक पद्धत ठरवली. रोज रात्री जेवणाआधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे. डोकं दुखतंय का? जेवण जातंय का? काल झोप लागली का? "ठीक आहे" हे उत्तर चालणार नाही. आणि एकाला उतरावं लागलं तर बरोबर कोण उतरणार, ते नाव निघण्यापूर्वीच ठरवून ठेवायचं.

तुमच्यापैकी पुढच्या सप्टेंबरला जे जाऊ इच्छितात, त्यांना थोडक्यात सांगतो. सहा महिने आधी डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, हृदय, साखर तपासा. उंचीसाठीची गोळी त्यांच्याच सल्ल्याने घ्या, शेजाऱ्याच्या नको. पर्वती रोज चढा, गुडघे तयार होतील. पण उंचीचा त्रास तरण्याताठ्या माणसालाही होतो, तिथे पर्वती कामाला येत नाही. आम्ही गेलो तेव्हा आपल्याकडचा प्रीपेड मोबाईल तिथे चालत नव्हता, पोस्टपेड लागायचा. आणि जीपवाल्याला नुसतं 'हेमिस' सांगू नका. प्रसिद्ध हेमिस मठ लेहच्या दुसऱ्या बाजूला आहे, हेमिस शुकपाचन हे वेगळं गाव. आमचे इंजिनिअर मित्र लेहच्या बाजारात भलत्याच जीपमध्ये बसले होते, बाकीचं ते स्वतः सांगतील.

तेव्हा या वयात जमतं का? जमतं. माझा तक्ता हवा असेल तर घरी या, झेरॉक्स देतो. हेमिस शुकपाचन आणि तेमिसगामसमोर त्यात अजून बरोबरची खूण नाही. सौ. म्हणते, राहू दे तशीच.

जुले!