वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आणि अकरावी-बारावीच्या विज्ञानाचे वेळापत्रक

(समाजाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचे श्रीफळ देऊन कौतुक करण्याचा हा समारंभ. अशा प्रसंगी वक्त्याने थोरांच्या चरित्रांतील चार दाखले द्यावेत, मुलांस आशीर्वाद द्यावा आणि खाली बसावे, असा प्रघात आहे. आज आम्ही तो मोडणार आहोत. आताच व्यासपीठावर आलेल्या मुलांपैकी पुष्कळांनी ‘मला डॉक्टर व्हायचे आहे’ असे सांगितले व आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. परंतु उद्या सकाळी कोणते पुस्तक उघडावयाचे, हे त्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? आमचे आजचे बोलणे त्या पुस्तकापुरतेच आहे.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. कॉलेजच्या वर्गात आम्ही कधी बसलोही नाही आणि शिकविलेही नाही. तेव्हा पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांवर बोलण्याचा आम्हांस काय अधिकार, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर इतकेच की, कोणत्याही पुस्तकाची अनुक्रमणिका वाचण्याइतकी विद्या मास्तरकी करताना अंगी आली आहे. त्या अनुक्रमणिकेनेच आम्हांस जे दाखविले, ते ऐकावे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. आपल्या राज्यात एके काळी बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळत असे; पुढे राज्याची स्वतंत्र सी. ई. टी. आली. सर्व देशासाठी एकच परीक्षा म्हणून नीट प्रथम 2013 साली झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली आणि 2016 साली आपला तो निर्णय मागे घेतला. 2017 पासून आपल्याकडील एम. बी. बी. एस.चे प्रवेश तिच्याच गुणांवर होऊ लागले. येथवरची हकीकत पुष्कळांस माहीत आहे. तिचा परिणाम मात्र थोड्यांच्याच ध्यानी आला. राज्याची परीक्षा राज्याच्या पुस्तकांस धरून होती. नीटची तयारी करणारे सर्वजण एन. सी. ई. आर. टी.ची पुस्तके प्रमाण मानतात; आणि आपली मुले कॉलेजात शिकतात ती राज्यमंडळाची पुस्तके. एका मुलाच्या पाठीवर दोन दप्तरे आली ती अशी.

दोन दप्तरांचे ओझे सोसता येते. पण या दोन पुस्तकांचा क्रमच निराळा आहे, आणि खरी मेख तेथेच आहे. 2019 साली अकरावीस व 2020 साली बारावीस राज्यमंडळाची जी पुस्तके लागू झाली, त्यांविषयी आम्ही बोलत आहोत. पदार्थविज्ञानात परिवलन गती, द्रवांचे गुणधर्म, वायूंचा गतिज सिद्धांत, उष्मागतिकी, आंदोलने ही प्रकरणे राज्यमंडळाने बारावीच्या आरंभी घातली आहेत. एन. सी. ई. आर. टी.च्या पुस्तकांत हीच सर्व अकरावीत येतात. उलट आरसे व भिंगे यांचे प्रकाशशास्त्र आपल्या कॉलेजात अकरावीस शिकवितात, ते तिकडे बारावीस. स्थिर विद्युत, विद्युतप्रवाह व सेमिकंडक्टर यांचा आरंभ आपल्याकडे अकरावीत होतो. तिकडे बारावीपूर्वी त्यांचे नाव नाही. जीवशास्त्रात श्वसन व रक्ताभिसरण, तसेच मज्जासंस्था व ग्रंथी यांचे प्रकरण आपल्या बारावीत, त्यांच्या अकरावीत. रसायनशास्त्रातील उष्मागतिकीची तीच गत. विषय तेच, पण अर्धी प्रकरणे इकडची तिकडे गेली आहेत.

यातून काय घडते, ते आमच्या आळीतील एका मुलाच्या उदाहरणाने सांगतो. नाव सांगत नाही. वडिलांचे शिलाईचे दुकान, आई घरी ब्लाउज शिवते. मुलगा 2023 साली अकरावी विज्ञानास गेला. दुपारी कॉलेज आणि सकाळी तालुक्याच्या गावी एका खाजगी क्लासात नीटची तयारी, असा त्याचा क्रम. क्लासात एन. सी. ई. आर. टी.च्या क्रमाने परिवलन गती चाले, तेव्हा कॉलेजात प्रकाशशास्त्र चाले. क्लासातील सोबत्यांनी त्यास सांगितले, ‘प्रकाशशास्त्र पुढच्या वर्षी आहे, आता वाचू नकोस.’ त्याने ते मानले व सत्रपरीक्षेत प्रकाशशास्त्रातच तो आपटला. पुढल्या वर्षी कॉलेजात परिवलन गती आली, तेव्हा क्लासात वर्षापूर्वी शिकलेले तो विसरला होता, आणि क्लासात आता प्रकाशशास्त्र सुरू झाले होते. प्रत्येक प्रकरण त्यास दोनदा भेटले, पण बारा महिन्यांच्या अंतराने आणि परक्यासारखे. दोन ठिकाणची फी भरून कोणत्याही एका ठिकाणचे ज्ञान पुरते हाती आले नाही.

बारावीच्या डिसेंबरात त्याचे वडील आमच्याकडे आले. म्हणाले, ‘गुरुजी, पोरगा रात्री एकपर्यंत बसतो आणि गुण काही चढत नाहीत. आपल्या रक्तातच हे नसावं. शिंप्याच्या पोरानं सुईच धरावी हे बरं.’

सज्जनहो, हे वाक्य आम्ही आपल्या समाजात फार वेळा ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचा राग आला आहे. त्या रात्री आम्ही दुकानात गेलो. कापड बेतण्याच्या टेबलावर चारी पुस्तके उघडून ठेवली, राज्यमंडळाची दोन व एन. सी. ई. आर. टी.ची दोन, आणि कापडावर खुणा करावयाच्या खडूने टेबलावरच दोन रकाने आखले. तासाभरात बाप व मुलगा दोघांनाही दिसून आले की, दोष रक्ताचा नव्हता. माप एका अंगरख्याचे घेतले होते आणि कापड दुसऱ्याचे बेतले होते. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘हे आम्हांला दीड वर्षापूर्वी कुणी का नाही सांगितलं?’ या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून आज ते येथे सांगत आहोत.

उपाय साधा आहे. इयत्ता पाहून अभ्यास करू नये, प्रकरण पाहून करावा. कॉलेजात अकरावीस प्रकाशशास्त्र सुरू झाले की त्याच आठवड्यात एन. सी. ई. आर. टी.चे बारावीचे पुस्तक उघडावे, त्यातील तेच प्रकरण वाचावे, त्यावरील जुने प्रश्न सोडवावे आणि ते प्रकरण दोन्ही परीक्षांसाठी एकदमच शिवून टाकावे. बारावीस रक्ताभिसरण आले की अकरावीचे पुस्तक काढावे. यास्तव चारही पुस्तके अकरावीच्या पहिल्या दिवशीच घरात हवीत. क्लास लावणे ज्यांस शक्य आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘तुमचा क्रम कोणता?’ जो क्लास राज्यमंडळाच्या क्रमाने चालतो, तो आपल्या मुलास सोयीचा. तसा न मिळाल्यास क्रम घरी जुळवावा लागेल, पण ते अशक्य नाही.

काही प्रकरणे एकाच परीक्षेपुरती आहेत, तीही ओळखून ठेवावीत. 2024 च्या परीक्षेपासून नीटच्या अभ्यासक्रमातून स्थायू अवस्थेचे प्रकरण वगळले गेले. आपल्या बारावीच्या रसायनशास्त्राचे मात्र ते पहिलेच प्रकरण. ते बोर्डापुरते वाचावे, त्यावर नीटचे प्रश्न सोडवीत बसू नये. उलट कार्य, ऊर्जा व शक्ती यांस तिकडे स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या पुस्तकात ते गतिनियमांच्या पोटात आले आहे, म्हणून मुले त्यावरून धावत जातात.

गणिताविषयी एक शब्द. वैद्यकीस गणित लागत नाही म्हणून पुष्कळ मुले ते अकरावीत सोडतात. नियमास धरून ते योग्य आहे. नीटमध्ये गणिताची प्रश्नपत्रिका नाही. परंतु पदार्थविज्ञानात सदिश व कलन यांचे पाऊल पहिल्याच महिन्यात पडते. राज्यमंडळाच्या अकरावीच्या पदार्थविज्ञानातील गणिती पद्धतींचे दुसरे प्रकरण ज्याने कच्चे ठेवले, त्याची पुढची गती अडखळते. गणित सोडणाऱ्याने ते एक प्रकरण तीनदा करावे.

आता महिन्यांचा हिशोब. 2025 साली दहावीचे पेपर 17 मार्चला संपले, निकाल 13 मे रोजी लागला, आणि त्या वर्षी प्रथमच सर्व राज्याचे अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन पद्धतीने झाल्यामुळे वर्ग भरण्यास ऑगस्ट उजाडला. म्हणजे जवळजवळ पाच महिने मूल मोकळे. दुसऱ्या टोकास पाहा. त्याच वर्षी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीच्या अखेरीस सुरू झाल्या, लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीस, राज्याची सी. ई. टी. जीवशास्त्र गटासाठी 9 ते 17 एप्रिल, आणि नीट 4 मे रोजी. बोर्ड संपल्यावर नीटसाठी राहतात सुमारे सात आठवडे, व त्यांतही मध्ये सी. ई. टी. नीटचे निम्म्याच्या आसपास प्रश्न अकरावीच्या भागावर असतात. दोन वर्षांपूर्वी वाचलेली अकरावी सात आठवड्यांत नव्याने शिकता येत नाही, फक्त उजळता येते. यास्तव पहिले पाच महिने हातचे घालवू नयेत. सी. ई. टी.त अकरावीस 20 टक्के व बारावीस 80 टक्के वजन आहे, हेही कृषी व औषधनिर्माण या शाखांकडे पाहणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

बोर्डाकडे पाठ फिरवावी, असा याचा अर्थ कोणी करू नये. पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र मिळून बारावीस खुल्या वर्गास 50 टक्के आणि आपल्यासारख्या मागासवर्गास 40 टक्के गुण नसतील, तर नीटमधील गुण असून नसल्यासारखे होतात. प्रत्येक विषयात प्रात्यक्षिकास 30 गुण आहेत. हजेरी फक्त कागदावर ठेवणाऱ्या एका ठिकाणी वर्षभराची प्रात्यक्षिके जानेवारीतल्या आठ दिवसांत उरकलेली आम्ही पाहिली आहेत. मुलीने ब्युरेट प्रथम हाती धरली ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. अशा सोयीचा मोह पालकांनी धरू नये. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्जही बारावीच्या आरंभीच कॉलेजमार्फत करावा. निकालानंतर धावाधाव करून मिळणारी ती वस्तू नव्हे.

शेवटी आपल्या घरांविषयी बोलले पाहिजे, कारण वेळापत्रक केवळ कॉलेज करीत नाही, दुकानही करते. जूनमध्ये शाळांच्या गणवेशांची घाई, दिवाळीपूर्वी महिनाभर मान वर करण्यास फुरसत नाही, आणि एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. या तिन्ही वेळी काज-बटणे करण्यास, तुरपाईस, गिऱ्हाइकांच्या घरी कपडे पोहोचविण्यास मुलांस हाक मारली जाते. आम्ही स्वतः अशा कामांतच वाढलो. त्यात कमीपणा काही नाही. परंतु दिवाळीपूर्वीचा महिना हा सत्रपरीक्षेचा असतो आणि लग्नसराई ही ऐन नीटची. मुलगी बारावीस असेल तर तिच्या हातची तुरपाई दोन हंगाम बाहेर द्यावी. चार पैसे जातील, ते क्लासच्या फीपुढे काहीच नव्हेत. घरातील लग्न त्या एप्रिलात धरू नये. नीटचा पेपर दुपारी 2 ते 5 असतो. 180 मिनिटांत 180 प्रश्न, अचूक उत्तरास 4 गुण व चुकीच्या उत्तरास 1 गुण वजा. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता डोळे जड होतात. त्याच वेळी रोज जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसण्याची सवय मार्चपासूनच लावावी लागते. घरात दुपारी शिलाईयंत्रे चालू असली, तर शेजारी, देवळात, कोठेही जागा पाहून द्यावी.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. 2025 च्या नीटमध्ये त्यास एम. बी. बी. एस.ची जागा मिळाली नाही. उरलेल्या चार महिन्यांत दोन रकाने जितके जुळले तितकेच जुळले. नीटच्याच गुणांवर त्याने बी. ए. एम. एस.ला प्रवेश घेतला व तो तेथे समाधानाने शिकत आहे. त्याची धाकटी बहीण 2025 साली अकरावीस गेली. तिने मात्र कॉलेज सुरू होण्यापूर्वीच भावाची चारही पुस्तके घेतली. टेबलावरचा खडू कधीच पुसला गेला होता, म्हणून आम्ही तो तक्ता कागदावर उतरवून दिला. तिच्या आईने तो आपल्या यंत्रासमोरच्या भिंतीवर चिकटविला आहे आणि एखादे प्रकरण दोन्ही पुस्तकांतून झाले की त्यावर लाल दोऱ्याचा टाका घालावयास मुलीस सांगितले आहे.

त्या तक्त्याच्या प्रती आम्ही आणल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पुस्तके बदलली तर तक्ताही बदलावा लागेल, तेवढे ध्यानी असू द्यावे.