हात केव्हा आवरावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. डॉक्टरीविषयी मी काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण घरात घडलेली गोष्ट सांगायला पदवी लागत नाही.

माझ्या मोठ्या जावेची मुलगी अमेरिकेत ऑस्टिओपॅथीची डॉक्टर झाली. मला वाटले, पोरगी हाडवैद्यीण झाली! ती हसून म्हणाली, "काकू, तिकडे आम्ही औषधे देतो, शस्त्रक्रियाही करतो. चार वर्षे कॉलेज, पुढे निदान तीन वर्षे रुग्णालयात उमेदवारी. शिवाय हाताने सांधे नि स्नायू तपासायचे शिक्षण वेगळे."

ही विद्या काढली अँड्र्यू टेलर स्टिल यांनी. १८६४ साली त्यांची तीन मुले मेंदूच्या तापाने गेली. तेव्हाच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८९२ साली त्यांनी मिसूरी राज्यात कर्क्सव्हिल गावी शाळा काढली आणि पहिल्याच वर्गात बायकांनाही घेतले.

गेल्या वर्षी पुतणी आली, तेव्हा सासूबाईंची पाठ दोन महिने दुखत होती. एका डॉक्टरांनी मान वर न करता गोळ्या लिहून दिल्या होत्या. पुतणी मात्र आजीजवळ तासभर बसली. झोप, जेवण, काळजी, सारे विचारले. तेव्हा सासूबाई बोलल्या, "न्हाणीघरात पाय घसरला होता गं. सुनेला आणखी व्याप नको म्हणून सांगितले नाही."

मी म्हटले, "अगं, जरा चोळून दे." ती म्हणाली, "नको. या वयात हाडे ठिसूळ असतात, दाबल्याने अपाय होईल. आणि इथे उपचार करायचा मला परवानाही नाही. उद्याच फोटो काढा." फोटोत पाठीचा मणका दबलेला निघाला. इथल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी इलाज केला. आज सासूबाई देवळापर्यंत चालत जातात.

तिला विचारले, नव्या डॉक्टरला काय यायला हवे? ती म्हणाली, शरीर नि मन एकच समजावे, रोग्याचे पूर्ण ऐकावे, त्याला समजेल असे बोलावे, जन्मभर शिकावे आणि आपली मर्यादा ओळखावी.

भगिनींनो, डॉक्टरांना नावे ठेवणे सोपे आहे. पण दोन महिने मी तरी कुठे विचारले, "पडलात का?" तेव्हा घरी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांजवळ घटकाभर बसा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.